मधुमेह आणि हृदयाचा धोका : रक्त काय सांगते?

प्रश्न : माझे वय 54, मधुमेह जुना. हृदयविकाराच्या झटक्याचा धोका रक्त तपासून आधी कळतो काय?

उत्तर : झटक्याची तारीख सांगणारी तपासणी अद्याप उपलब्ध नाही, तथापि धोक्याचे तारतम्य दाखविणारे काही निदर्शक रक्तात निश्चित सापडतात. त्यांतील प्रमुख जे एलडीएल कोलेस्टेरॉल, त्याचा आकडा मधुमेहात ट्रायग्लिसराइड वाढल्यामुळे पुष्कळदा फसवा ठरत असल्याने, धमनीच्या भिंतीत शिरणाऱ्या कणांची संख्या दर्शविणारे अपोबी हे अधिक विश्वसनीय दाखला देते. लायपोप्रोटीन-ए या कोलेस्टेरॉलवाहक कणाचे प्रमाण बहुतांशी आनुवंशिक असल्याने बहुधा एकदाच मोजणे पुरते. ते डेसिलिटरमागे 50 मिलिग्रॅमच्या वर असल्यास धोका वाढलेला समजावा. एनटी-प्रोबीएनपी हे हृदयातून रक्तात येणारे द्रव्य मिलिलिटरमागे 125 पिकोग्रॅम किंवा अधिक भरल्यास हृदयावर ताण असल्याचा संशय धरून इकोची, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीची, तपासणी करावी. रक्ताखेरीज मूत्रातील अल्ब्युमिन हे प्रथिनही दर वर्षी पाहावे, कारण मूत्रपिंडाची हानी हाही हृदयासाठी इशाराच होय.

मात्र वय, रक्तदाब, धूम्रपान व कौटुंबिक इतिहास यांची कैफियत ऐकल्यावाचून केवळ आकड्यांवरून निकाल देणे अनुचित ठरेल. आणि मधुमेहात वेदना कित्येकदा जाणवतच नसल्याने, अकस्मात धाप, घाम वा छातीत दडपण आल्यास कोणत्याही अहवालाची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे.