पाच फुटांचा उतार की घसरगुंडी?

प्रश्न : बार्शीत आमचं किराणा दुकान आहे. दाराशी सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या. व्हीलचेअरवरच्या गिऱ्हाइकांसाठी मिस्त्री पाच फुटांत उतार करून देतो म्हणतो. करू का?
— एक दुकानदार, बार्शी

उत्तर : नको. ती घसरगुंडी होईल. नियम 1:12 चा आहे, म्हणजे इंचभर चढाला फूटभर लांबी. तुमच्या 18 इंचांना 18 फूट हवेत. सरळ जागा नसेल तर नऊ-नऊ फुटांचे दोन टप्पे घ्या, मध्ये वळायला पाच फुटांचा सपाट कट्टा ठेवा. दोन्ही बाजूंना कठडा हवाच. गुळगुळीत ग्रॅनाइट लावू नका. पावसात धडधाकट माणूसही आपटतो. खरबरीत शहाबादी फरशी बरी. रुंदी चार फूट ठेवा, आणि तिथे तेलाचे डबे रचू नका (रचतातच!).

एवढी जागाच नसेल तर पायरीखाली हाताला येईल अशी घंटा लावा आणि माल खाली नेऊन द्या. हा तात्पुरता इलाज झाला.

आणखी एक. भावाच्या यादीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकत असाल, तर अंध गिऱ्हाइकाचा टॉकबॅक (फोनवरचं वाचून दाखवणारी सोय) त्याला फक्त 'फोटो' म्हणून सांगण्याची शक्यता जास्त. तूरडाळ, साखर, भाव असं टाइप करून पाठवा. याला मिस्त्रीही लागत नाही.