आईने सांगितलेले घर

आईविषयी मुलांनी लिहिलेले पुष्कळ वाचावयास मिळते; आईने स्वतःविषयी लिहिलेले त्या मानाने फार थोडे. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ हे पुस्तक १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिले. त्यात मुलगा बोलतो आणि आपण आईला त्याच्या डोळ्यांनी पाहतो. पण आईला स्वतःला काय वाटत असेल? तिला भीती वाटते काय? राग येतो काय? हे जाणून घ्यावयाचे, तर लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र उघडावे.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर या गावी झाला. त्यांचे माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. वडिलांचे सोवळे विलक्षण कडक. बाजारातून आणलेली वस्तू, मीठसुद्धा, धुतल्यावाचून घरात घ्यावयाची नाही, असा त्यांचा दंडक होता. अशा घरातील ही मुलगी वयाच्या अकराव्या वर्षी, म्हणजे जवळजवळ तुमच्याएवढी असताना, सासरी गेली. पती नारायण वामन टिळक पुढे कवी म्हणून प्रसिद्धीस आले. ते बुद्धिमान आणि उदार; पण तितकेच तापट. हातचा पैसा गरजूला देऊन ते मोकळे होत आणि आज चुलीवर काय चढवावे, हा प्रश्न लक्ष्मीबाईंपुढे उभा राही. त्यांनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते. लिहिणे-वाचणे त्या शिकल्या, ते लग्नानंतर.

आईपणही त्यांना सुखासुखी लाभले नाही. आधीची अपत्ये लहानपणीच गेली. १८९१ साली जन्मलेला दत्तू मात्र वाढला. तो अगदी लहान असतानाच, १८९५ साली, टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्या काळी अशा पतीच्या घरी राहणे म्हणजे सारे गणगोत सोडणे होय. लक्ष्मीबाई मुलाला घेऊन काही वर्षे नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. एकीकडे मुलाचे वडील, दुसरीकडे जन्माचे संस्कार. मन कोठे वळवावे? अखेर त्या पतीकडे गेल्या. पण प्रथम आपले अन्नपाणी त्यांनी वेगळेच ठेवले. पुढे स्वतःच्या मनाशी विचार करता करता त्यांना उमगले, की माणसामाणसांतील हा भेद देवाने केलेला नाही. तो त्यांनी सोडला, आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

१९१९ साली टिळक वारले. दत्तू, म्हणजे देवदत्त, तोवर कर्ता झाला होता. वडिलांचे चरित्र लिहिण्यासाठी त्याला आईच्या आठवणी हव्या होत्या. मुलाच्या त्या आग्रहातून ‘स्मृतिचित्रे’ आकारास आले. १९३४ ते १९३६ या काळात त्याचे चार भाग प्रसिद्ध झाले. १९३६ च्या फेब्रुवारीत लक्ष्मीबाईंनी नाशिक येथे देह ठेवला.

या ग्रंथात राजवाडे नाहीत, लढाया नाहीत. आहेत ती रोजची भांडणे, रिकामे डबे, आजारपणे, मुलांचे हट्ट आणि या साऱ्यांतून फुटणारे हसू. भाषा घरात बोलावी तशी साधी आहे. लक्ष्मीबाई स्वतःला देवता म्हणून मिरवीत नाहीत. आपल्या भोळेपणावर त्या स्वतःच हसतात. घर चालविणारी बाई आतून किती विचार करीत असते, केवढे बदल पचवीत असते, हे त्यांचे पुस्तक वाचताना ध्यानात येते.

मुलांनो, आईजवळ तिच्या जीवनाची कथा असते; ती ऐकणारा मात्र हवा असतो. देवदत्तांनी विचारले, म्हणून मराठीला एक अमोल ग्रंथ लाभला. तुम्ही आपल्या आईला कधी काही विचारले आहे काय?

स्वाध्याय

१. लक्ष्मीबाईंच्या मनात कोणता झगडा चालला होता? तो कसा मिटला?

२. ‘शाळेचे तोंड न पाहणे’, ‘देह ठेवणे’ या वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.

३. तुमच्या जन्मानंतरच्या पहिल्या वर्षाची एखादी आठवण आईला किंवा आजीला विचारा आणि ती तिच्याच शब्दांत दहा ओळींत लिहा.