मान राखणे म्हणजे काय?



चौथी आज्ञा आईवडिलांचा मान राखायला सांगते. आपण तिचा अर्थ 'सांभाळ करणे' एवढाच घेतो. जेवण, औषधपाणी, डॉक्टर झाले की कर्तव्य संपले!

दोन वर्षांपूर्वी माझी आई वाडीत घसरून पडली. मार किरकोळ होता. पण आम्ही भावंडांनी तिचे वाडीत जाणे आणि पहाटेच्या मिस्साला चालत जाणे बंद केले. पुढे ती पडली नाही. पण बसून बसून पायांतले बळ गेले, बोलणेही कमी झाले. एकदा म्हणाली, "फादर झालास, लोकांना बंधनातून सोडवतोस. मग मला का कोंडलेस?" मला उत्तर देता आले नाही.

सिराकचा ग्रंथ (अध्याय 33) वडीलधाऱ्यांना बजावतो, की जिवंत असेपर्यंत स्वतःवरची सत्ता मुलांच्याही हाती देऊ नका. आब्राहाम देवाच्या हाकेवरून घर सोडून निघाला, तेव्हा 75 वर्षांचा होता (उत्पत्ती 12:4).

संत थॉमस अक्वायनस विवेकाला नैतिक सद्गुणांत पहिले स्थान देतात. विवेक म्हणजे भीती नव्हे. ज्यांची स्मृती हरपली आहे, त्यांना सोबत हवीच. इतरांसाठी न्हाणीघरात धरायला दांडी, पायरीवर दिवा, हातात काठी द्या. आणि वाट मोकळी ठेवा.

आई आता काठी घेऊन पुन्हा मिस्साला जाते. धास्ती वाटते, पण ती आमची आहे. तिचे ओझे आईने का वाहावे?

या आठवड्यासाठी: घरातील वडीलधाऱ्यांना विचारा, "आम्ही बंद केलेले काय तुम्हाला पुन्हा करावेसे वाटते?"