चौदा नंबरचा दिवा

"प्रोग्राम लिहिणाऱ्याकडून नंबर चुकला." बैठकीत सर एवढंच बोलले आणि त्यांनी पुढचं पान उलटलं. प्रोग्राम लिहिणारी मी, तिथंच कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. दीड वर्ष झालं, ते वाक्य अजून कानातून जात नाही. कारण नंबर चुकला नव्हता. लिहिला त्या दिवशी तो बरोबर होता. त्याच्या खालचा रस्ता मला न सांगता बदलला गेला. हे एकदा नीट लिहून काढायचं होतं आणि सुमो या वाहतूक-सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये सिग्नलचं काम करणाऱ्या नव्या मुलामुलींना सावधही करायचं होतं.

काम पुण्यातल्या एका चौकाचं होतं. चार रस्ते, त्यातल्या एकावर दवाखाना. दवाखान्याकडून येऊन उजवीकडे वळणाऱ्यांना वाट मिळत नसे. मी तिथं सकाळी आठ ते अकरा उभी राहून मोजणी केली होती. समोरून येणारी रांग संपेपर्यंत दिवा लाल व्हायचा आणि रिक्षा चौकाच्या मध्यात अडकून पडायच्या. कल्पना अशी होती की रांग वाढली की त्या एका वळणाला स्वतंत्र हिरवा बाण द्यायचा. सर म्हणाले, "अगं, एकच दिवा तर बदलायचाय. अर्ध्या तासाचं काम आहे."

इथूनच सगळं बिघडलं, कारण सुमोत एक दिवा असं काही नसतंच. चौकाचा सिग्नल म्हणजे अक्षरांची एक ओळ. चौकातून जाण्याचा प्रत्येक मार्ग म्हणजे त्या ओळीतली एक जागा. मोठा जी म्हणजे बिनधास्त जा. लहान जी म्हणजे हिरवा आहे, पण समोरच्याला आधी जाऊ दे. वाय पिवळा, आर लाल. आमच्या चौकाची ओळ वीस अक्षरांची होती आणि दवाखान्याकडून उजवं वळण होतं चौदा नंबरला. ही मोजणी शून्यापासून सुरू होते, हेही लक्षात ठेवा.

पहिल्याच दिवशी मी ट्रासीतून, म्हणजे चालू सुमोला बाहेरून आज्ञा द्यायच्या सोयीतून, सेट-लिंक-स्टेट ही आज्ञा दिली. चौदा नंबरला मोठा जी. दिवा हिरवा झाला आणि सगळा चौक थिजला. एकही दिवा पुढे सरकेना. कारण ही आज्ञा आत्ताची पूर्ण ओळ वाचते, त्यातलं एक अक्षर बदलते आणि पूर्ण ओळ परत ठोकून बसवते. त्या क्षणी चौकाचा चालू प्रोग्राम बाजूला पडतो, त्याच्या जागी 'ऑनलाइन' नावाचा प्रोग्राम येतो आणि तुम्ही पुढची आज्ञा देईपर्यंत तीच ओळ कायम राहते. एका दिव्याला हात लावलात की चौकाची जबाबदारी तुमच्या गळ्यात पडते. म्हणून काम झाल्यावर सेट-प्रोग्रामने मूळ प्रोग्राम परत लावायचा. हे शोधायला मला दोन दिवस लागले. "अर्ध्या तासाचं काम" त्या दोन दिवसांत चार वेळा ऐकलं.

शेवटी जमलं. दवाखान्याकडच्या सरळ गाड्यांना हिरवा आणि समोरच्यांना लाल असा एक टप्पा होता. त्यात उजव्या वळणाची रांग दिसली की चौदा नंबरला बारा सेकंद मोठा जी, मग पिवळा, मग मूळ प्रोग्राम. मी स्क्रीनवर तासभर बघितलं, चोख चाललं, फाइल दिली.

त्यानंतर मला दुसऱ्या कामाला लावलं. दरम्यान एका सहकाऱ्याने नेटएडिटमध्ये, म्हणजे सुमोचं रस्त्यांचं जाळं बदलायच्या साधनात, दोन रस्त्यांवरचे यू-टर्न काढून टाकले, कारण प्रत्यक्षात तिथं दुभाजकाला तोंड नाही. काढणं बरोबरच होतं. पण मार्ग कमी झाले की नंबर नव्याने पडतात. ओळ वीसची अठराची झाली. माझा चौदा नंबर आता आडव्या रस्त्यावरून सरळ जाणाऱ्यांचा झाला. अठरामध्ये चौदा नंबर असतोच, त्यामुळे कुठलीही त्रुटी दाखवली गेली नाही. मला कुणी फोन केला नाही. रात्रभर सिम्युलेशनच्या धावा लावल्या गेल्या, त्याही वॉर्निंग बंद करून.

आलेख सुंदर आला. चौकातला सरासरी उशीर कमी झाला. सरांनी तो सादरीकरणात घातला. मला तो बघून आनंद होण्याऐवजी धाकधूक वाटली, कारण एका उजव्या वळणाने एवढा फरक पडणार नाही हे मला मोजणीवरून माहीत होतं. रात्री घरी लॅपटॉपवर तीच धाव उघडली, वेग अगदी मंद केला आणि चौकावर झूम करून बसले.

आठव्या मिनिटाला दवाखान्याकडून एक बस निघाली, तिला हिरवा होता. त्याच क्षणी आडव्या रस्त्यावरून एक दुचाकी निघाली, तिलाही हिरवा होता. बस दुचाकीच्या अंगावरून आरपार गेली आणि दोघंही आपापल्या वाटेने पुढे निघून गेले. मी ती धाव पाच वेळा पुन्हा सुरू करून तो क्षण बघितला. पोटात गोळा आला. उजवीकडे वळणारी रांग मात्र तशीच उभी होती. तिला बाण मिळतच नव्हता. रांग हलत नाही म्हणून माझी स्क्रिप्ट पुन्हा पुन्हा बाण देत होती आणि तो प्रत्येक वेळी आडव्या रस्त्याच्या पदरात पडत होता. आलेख सुंदर का आला, ते कळलं.

मग सुमोने काही का सांगितलं नाही? कारण चौकाच्या आतल्या टकरी तो मुळात तपासतच नाही. ती तपासणी पर्याय देऊन चालू करावी लागते. आणि अडकून पडलेली गाडी तो ३०० सेकंदांनंतर उचलून पुढे नेऊन ठेवतो, म्हणून रांगही फार लांबत नाही. रस्त्यावरच्या खऱ्या कंट्रोलरच्या पेटीत एकमेकांना छेदणारे दोन हिरवे लागले तर ते ओळखून चौक ब्लिंकिंगवर टाकायची सोय असते. इथं ते काम माणसाने करायचं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांना सगळं दाखवलं. आलेख मागे घ्यावा लागेल म्हणाले. त्यांनी घेतला, हे मान्य करते. पण बैठकीत यू-टर्नबद्दल अवाक्षर नाही, नेटवर्क बदलल्याचा उल्लेख नाही. "नंबर चुकला" एवढंच. तो सहकारीही मान खाली घालून बसला होता. चूक सापडली ती मी रात्री बसले म्हणून, आणि नाव आलं तेही माझंच.

आता तुमच्यासाठी.

स्क्रिप्टमध्ये नंबर कधीही हाताने लिहू नका. गेट-कंट्रोल्ड-लिंक्स ही आज्ञा प्रत्येक नंबरसाठी गाडी कुठल्या लेनमधून येते आणि कुठल्या लेनमध्ये जाते ते सांगते. सुरुवातीलाच 'या रस्त्यावरून त्या रस्त्यावर' असं शोधून नंबर काढा आणि सापडला नाही तर स्क्रिप्ट तिथंच थांबवा. नंबर पक्का लिहिला ही माझी चूक, ती मी कबूल करते.

प्रत्येक धावेआधी ओळीची लांबी तपासा. माझ्या स्क्रिप्टमध्ये ही एक तपासणी असती तर वीसच्या जागी अठरा दिसताच सगळं थांबलं असतं.

चौकातल्या टकरींची तपासणी चालू ठेवा, वॉर्निंग बंद करू नका आणि किती गाड्या उचलल्या गेल्या ते निकालाच्या शेजारी लिहा. ती संख्या नसलेल्या आलेखावर विश्वास ठेवू नका.

हिरव्यावरून थेट लाल करू नका. तुम्ही थेट आज्ञा देता तेव्हा सुमो मध्ये पिवळा स्वतःहून घालत नाही आणि गाड्या करकचून थांबतात. सेट-फेज-ड्युरेशनने वाढवलेली वेळ त्याच फेरीपुरती असते, पुढच्या फेरीला जुनीच वेळ येते. नेटवर्क बनवताना डाव्या बाजूने वाहतुकीचा पर्याय द्यायला विसरू नका. उजव्या बाजूच्या देशांतली उदाहरणं बघून नंबरांचा अंदाज बांधू नका. पडद्यावर नंबर दाखवायची सोय आहे, ती चालू करून प्रत्येक वळण डोळ्यांनी बघा.

बाण वारंवार द्यायचा असेल तर एकेक अक्षर बदलत बसण्यापेक्षा बाणाचा टप्पा असलेला दुसरा प्रोग्रामच लिहून ठेवा आणि त्यावर जा. हे मला फार उशिरा सुचलं.

फाइलींच्या प्रती ठेवा, नावात तारीख घाला. आणि काय दिलं, कधी दिलं, कुठल्या नेटवर्कवर तपासलं, हे मेलवर लिहून द्या. तोंडी सांगितलेलं बैठकीत कुणाला आठवत नाही.

आणि वरिष्ठांना एक विनंती. रस्ता बदललात तर दिवा लिहिणाऱ्याला फोन करा. दोन मिनिटं लागतात.