परतीचं तिकीट आधी

नाताळात गोव्याला जायचं ठरलं की नागपूरच्या घरात पहिली चर्चा हॉटेलची होते, दुसरी कपड्यांची आणि परतीच्या तिकिटाची सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा हवा. जायला माणूस कसाही पोचतो. परत येऊन २ जानेवारीला शाळेच्या फाटकात आणि ऑफिसच्या खुर्चीत हजर व्हायचं असतं, ते मात्र कसंही जमत नाही.

त्याचं मूळ रेल्वेच्या नियमात आहे. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होतं, आणि त्यात प्रवासाचा दिवस धरत नाहीत. म्हणजे २३ डिसेंबरचं तिकीट २४ ऑक्टोबरला सकाळी आठपासून मिळतं आणि २८ डिसेंबरचं २९ ऑक्टोबरपासून. मधल्या या दिवसांतच घोटाळा होतो. जायचं तिकीट पक्कं झालं या आनंदात त्याच संध्याकाळी हॉटेलवाल्याला आगाऊ पैसे जातात. नाताळातल्या खोल्या बहुधा पैसे परत न मिळण्याच्या अटीवरच असतात. परतीचं आरक्षण सुरू होतं तेव्हा आपण आधीच बांधले गेलेलो असतो, वेटिंग दिसलं तरी माघार घेता येत नाही. वर नागपूर-मडगाव विशेष गाडी रोजची नाही. तिच्यावर आपल्याएवढाच हक्क पनवेल, कल्याण, नाशिक, भुसावळ आणि अकोल्याच्या माणसांचा असतो, आणि नाताळानंतर त्यांनाही त्याच दिवसांत घरी यायचं असतं.

आमचं परतीचं तिकीट असंच वेटिंगवर होतं. "होईल क्लिअर, डिसेंबरात कोण परत येतं?" असं दिरांचं म्हणणं पडलं आणि सगळ्यांनी ते गोड मानून घेतलं. चार्ट लागला तेव्हा ऑनलाइन काढलेलं तिकीट आपोआप रद्द झालं. पैसे खात्यात परत आले, पण त्या पैशांवर बसून नागपूरला जाता येत नाही. तत्काळचं आरक्षण आदल्या दिवशी एसीसाठी दहाला आणि स्लीपरसाठी अकराला सुरू होतं. तेही आदल्या सकाळी करून पाहिलं होतं, आणि मोबाइलवरचं ते चक्र फिरतच राहिलं होतं. शेवटी मडगावहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुणे, तिथे एका लांबच्या नातेवाइकाकडे आंघोळ, आणि संध्याकाळी पुन्हा ट्रॅव्हल्सने नागपूर. सासूबाईंचे गुडघे आधीच कुरकुरणारे. समृद्धी महामार्ग लागल्यावर त्या म्हणाल्या, "जातानी झोपत आली, येतानी बसून चालली मी." त्या एका वाक्यात सहलीचा हिशेब झाला.

ट्रॅव्हल्सचं भाडं त्या दिवसांत किती फुगतं ते वेगळं सांगायला नको. खासगी बसने एसटीच्या भाड्याच्या दीडपटीहून जास्त आकारू नये, असा राज्य सरकारचा २०१८ चा निर्णय आहे. तो छापून जवळ ठेवला तरी रात्री नऊ वाजता लेकरं कडेवर घेऊन वाद घालायची ताकद कोणात नसते. तिकिटाचा फोटो काढून ठेवावा आणि घरी आल्यावर आरटीओकडे तक्रार करावी.

तेव्हा करायचं ते असं. दोन्ही तारखांची दोन्ही तिकिटं हातात येईपर्यंत हॉटेल फक्त रद्द करता येईल अशा अटीवर ठेवायचं, दर थोडा जास्त पडला तरी. परतीला जागा मिळाली नाही तर तारीख बदलायची किंवा जायचं तिकीट रद्द करायचं. इतक्या आधी रद्द केल्याचा रेल्वेचा भुर्दंड हॉटेलच्या बुडीत रकमेपुढे काहीच नाही. रेल्वेच्या खात्याला आधार जोडलेलं हवं. २०२५ पासून तत्काळला ते लागतंच, आणि नेहमीचं आरक्षण सुरू होतं तेव्हाची सुरुवातीची वेळही आधार पडताळलेल्या खात्यांसाठीच राखलेली आहे. दिवाळीच्या फराळाच्या दिवसांत हे जोडत बसायचं नाही, दसऱ्यालाच उरकायचं. आणखी एक, सगळ्या खटल्याचं एकच तिकीट काढलं तर ज्येष्ठांच्या खालच्या बर्थचा कोटा लागत नाही. म्हाताऱ्या माणसाचं तिकीट वेगळं काढावं, एकट्याचं किंवा दोघा ज्येष्ठांचं मिळून.

नागपुरात सरकारी नोकरी असेल तर पुढे आणखी एक गाठ असते, विधिमंडळाच्या अधिवेशनाची. २०२३ साली हिवाळी अधिवेशन ७ ते २० डिसेंबर चाललं, २०२४ साली १६ ते २१. ऑक्टोबरात तिकीट काढताना अधिवेशन नेमकं कधी संपणार हे पक्कं ठाऊक नसतं, आणि अधिवेशन संपेपर्यंत आमच्या ऑफिसात रजेचं नाव काढलेलं साहेबांना चालत नाही. म्हणून २२ तारखेच्या आधीचं काही ठरवूच नये. आमच्या सासूबाई तर विचारत होत्या, "समुद्र काही पळून चालला नाही ना बापा, मंग एवढी घाई काऊन?" त्यांना उत्तर देणं अवघड होतं.

गाडी घेऊन जाण्याचं खूळ दरवर्षी कोणाच्या तरी डोक्यात येतं. नागपूर ते ठाण्याजवळचं आमणे असा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाला खरा, पण तो गोव्याला जात नाही. जो जाणार आहे तो शक्तिपीठ महामार्ग, पवनार ते पत्रादेवी, मूळ आराखड्यात ८०२ किलोमीटरचा. कोल्हापूरकडच्या शेतकऱ्यांचा त्याला विरोध आहे. त्याच्या भरवशावर कोणी बॅगा भरू नयेत.

विमानाने जाणाऱ्यांनी आपण उतरणार कुठे हे आधी बघावं. गोव्याला विमानतळ दोन आहेत. दाबोळी दक्षिणेला, वास्कोजवळ. मोपा उत्तरेला, पेडण्यात, महाराष्ट्राच्या सीमेला लागून. (मोपाचं उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ ला झालं. त्याच दिवशी सकाळी पंतप्रधानांनी नागपुरात समृद्धीच्या शिर्डीपर्यंतच्या टप्प्याचंही उद्घाटन केलं होतं, म्हणून तारीख लक्षात आहे.) आमचे दीर हैदराबादहून मोपाला उतरले आणि मुक्काम होता बाणावलीला, म्हणजे गोव्याच्या दुसऱ्या टोकाकडे. ओला-उबर गोव्यात चालत नाहीत. टॅक्सीचं भाडं ऐकून जाऊबाई पुढचा अर्धा दिवस भाऊजींशी बोलल्या नाहीत. रेल्वेलाही तेच लागू आहे. उत्तर गोव्यात राहायचं तर थिवीला उतरा, पणजी किंवा जुन्या गोव्यासाठी करमळी आणि दक्षिणेसाठी मडगाव. भाड्याने स्कूटर किंवा कार घ्यायची तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कोणी स्वस्तात देत असेल तर पोलिसांनी अडवल्यावर तो देणारा फोन उचलत नाही.

खोली ठरवताना दोन गोष्टी तोंडी नव्हे, लेखी विचारून घ्या. २४ आणि ३१ डिसेंबरच्या रात्री बरीच हॉटेलं 'गाला डिनर' सक्तीचं करतात आणि त्याचे पैसे माणशी लावतात. वरण-भात खाणाऱ्या आजीलाही आणि आठ वर्षांच्या पोरालाही. किती रात्रींचं बुकिंग बंधनकारक आहे, तेही विचारा. बंगला किंवा व्हिला व्हॉट्सॲपवर फोटो पाहून ठरवणार असाल तर पर्यटन खात्याकडच्या नोंदणीचा क्रमांक मागा. गोव्यात पाहुण्यांना खोली भाड्याने देणाऱ्यांना १९८२ च्या कायद्याखाली ती नोंदणी करावी लागते. क्रमांक मागितल्यावर जो रागावतो, त्याला पैसे पाठवू नयेत. पाठवून झालेच असतील तर त्याच घटकेला सायबर हेल्पलाइनच्या १९३० क्रमांकावर फोन करावा.

आता खुद्द सणाच्या दिवसाबद्दल. आमच्या यादीत २५ तारीख सगळ्यात भरगच्च होती. सकाळी जुन्या गोव्यातलं बाँ जेझू चर्च, दुपारी मासळीची थाळी, संध्याकाळी बाजार. आमची घरमालकीण बाई कॅथलिक. तिने २४ लाच सांगितलं, आज रात्री आणि उद्या स्वयंपाकघर बंद. जवळचं जेवणघरही बंद, कोपऱ्यावरचं दुकानही बंद. दिरांना राग आला, 'पर्यटनावर जगतात आणि सुट्टी घेतात' वगैरे. मला त्यात रागावण्यासारखं काही दिसलं नाही. भाऊबीजेला आपल्या स्वयंपाकाच्या मावशी येतात का? नाताळ हा गोव्यात पाहुण्यांसाठी मांडलेला कार्यक्रम नाही, तिथल्या माणसांच्या घरचा सण आहे. त्या दिवशी मोठी हॉटेलं आणि किनाऱ्यावरचे शॅक चालू असतात, घरगुती जेवणघरांचं सांगता येत नाही. २४ च्या दुपारीच पाव, अंडी, फळं, दूध आणून ठेवलं तर पोरांचे हाल होत नाहीत.

चर्चमध्येही त्या दिवशी दर्शनाच्या रांगेसारखं जाता येत नाही. जुन्या गोव्याची चर्चं १९८६ पासून जागतिक वारसा यादीत असली तरी तिथे प्रार्थना चालू असतात. त्या वेळी फोटो काढत हिंडणं बरं दिसत नाही. बाँ जेझू पाहायचं तर २३ ला किंवा २७ ला जावं. मध्यरात्रीची मिस्सा मात्र जमलं तर बघावीच, पणजीच्या गर्दीत नाही, मुक्काम असेल त्या गावच्या चर्चमध्ये. वेळ गावागावाची वेगळी असते, ती चर्चच्या फलकावर आदल्या दिवशी वाचून घ्या. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे, मोबाइल बंद, मागचं बाक. लोक ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत उठले की आपण बसून राहायचं. तो बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठीच असतो, आपल्या देवळातल्या प्रसादासारखा सगळ्यांना नाही. आम्ही कोंकणीतली ती मिस्सा ऐकली. अर्धं समजलं, पण गाणी ऐकताना पोरंही गप्प बसली. सासूबाईंनी शेवटी हात जोडले. कोणी काही म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मालकीण बाई नक्षीच्या रुमालाने झाकलेलं ताट घेऊन आली. बिबिंक, दोदोल आणि नेवऱ्या. नाताळात शेजारीपाजारी असं ताट धाडायची तिथली रीत आहे. आमच्याकडे उलट ताट भरून द्यायला काही नव्हतं. नागपूरहून निघताना संत्राबर्फीचे दोन डबे जास्तीचे घ्या, इतकंच सांगते.

समुद्राबद्दल थोडं, पण गंभीरपणे. फुटाळा आणि अंबाझरी तलाव बघत वाढलेल्या पोरांना पाणी ओढून नेतं हे ठाऊकच नसतं. लाटा फुटत नाहीत अशी मधली शांत पट्टी दिसते, ती पोहायला बरी वाटते, आणि किनाऱ्यावर आलेलं पाणी नेमकं तिथूनच परत आत ओढलं जातं. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच उतरायचं. लाल झेंडा असेल तिथे घोट्यापर्यंतसुद्धा नाही. ओढीत सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका, किनाऱ्याला समांतर सरका आणि हात वर करून जीवरक्षकाला बोलवा. अंधार पडल्यावर पाण्याकडे पाठ.

येताना बाटल्या आणायचा मोह अनेकांना होतो. गोव्याची दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे. रस्त्याने आलात तर इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या तपासतात, आणि रेल्वेने आलात तर गाडी वर्धा जिल्ह्यातून येते. तिथे तर दारूबंदीच आहे. काजू आणा.

ज्यांना सण नको, केवळ समुद्र हवा आहे, त्यांनी डिसेंबरात गोव्याचा हट्ट का धरावा हे मला कळत नाही. नागपूर जंक्शन देशाच्या मध्यावर आहे. समता एक्सप्रेस गोंदिया, रायपूर करत थेट विशाखापट्टणमला जाते, केरळ एक्सप्रेस एर्नाकुलमला. एवढंच की या गाड्या दिल्लीहून येतात आणि डिसेंबरअखेरच्या धुक्यात त्यांना बराच उशीर होतो. त्यांना लागून पुढची दुसरी गाडी पकडायची असेल तर मधे एक रात्र मोकळी ठेवा. आणि गोवाच हवा असेल तर नाताळ नागपुरात साजरा करा, सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलला जाऊन या, आणि संक्रांतीच्या सुमाराला निघा. तोवर गोव्यातल्या खोल्यांचे दर उतरलेले असतात.