मुलांची त्वचा आणि शाळेतील आरोग्यपाठ

मार्गशीर्ष-पौषात निफाड, सिन्नर, येवला या भागांत थंडीचा कडाका वाढला की प्रार्थनेस उभ्या राहिलेल्या मुलांचे हातपाय पांढुरके दिसू लागतात, गाल फुटतात, टाचांना भेगा पडतात. कोरड्या वाऱ्याने त्वचेतील ओलावा कमी होतो. स्नानानंतर थोडे खोबरेल किंवा तिळाचे तेल चोळले की आठ-दहा दिवसांत फरक पडतो. परंतु काही मुलांची त्वचा संक्रांत उलटून गेली तरी सुधारत नाही. कोपर, गुडघे व मांड्यांच्या बाहेरील बाजूस बारीक टोकदार पुरळ हाताला खरखरीत लागते. अशा मुलांच्या बाबतीत थंडीला दोष देऊन थांबणे बरोबर नव्हे.

या त्वचेला वैद्यकात फ्रिनोडर्मा, म्हणजे बेडकासारखी त्वचा, असे नाव आहे. ते १९३३ साली सिलोनमध्ये डॉ. निकोल्स यांनी दिले. प्रथम हा केवळ ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावाचा परिणाम मानला गेला; पुढे तेलातील आवश्यक स्निग्धाम्ले व ‘ब’ गटातील जीवनसत्त्वे यांचा वाटाही मोठा असल्याचे दिसून आले. शिक्षकाच्या दृष्टीने यातील महत्त्वाची गोष्ट अशी की पालेभाजीतील पिवळे द्रव्य, ज्यापासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व तयार करते, ते स्निग्ध पदार्थाच्या सोबतीवाचून नीट शोषले जात नाही. माठ, तांदुळजा, शेवग्याचा पाला नुसता उकडून वाढण्यापेक्षा त्यावर तेलाची फोडणी द्यावी. सुरगाणा व पेठकडील घरांत नागलीच्या भाकरीबरोबर खुरासणीची चटणी असते, ती या बाबतीत फार मोलाची आहे. खुरासणी व करडई यांच्या तेलांत ही स्निग्धाम्ले विपुल असतात. रखरखीत त्वचेच्या मुलास ‘दिवेलागणीनंतर तुला वाट दिसते का, गोठ्यात ठेचकाळतोस का?’ हा प्रश्न सहज विचारावा. उत्तर संशयास्पद आल्यास पालकांना त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे, कारण तेथे प्रश्न त्वचेचा न राहता डोळ्यांचा होतो.

ओठांचे कोपरे चिरणे व जीभ लाल होऊन झोंबणे ही ‘ब’ गटाच्या उणिवेची खूण बहुधा असते. याच गटातील निॲसिनच्या अभावी होणाऱ्या पेलाग्रा रोगाचा इतिहास दख्खनच्या पठाराशी जोडलेला आहे. जवळजवळ ज्वारीवरच गुजराण करणाऱ्या गरीब कुटुंबांत मान, हाताची मागची बाजू असे उन्हात उघडे राहणारे भाग काळवंडून सोलत. हैदराबाद येथील पोषण संशोधन संस्थेत डॉ. गोपालन व डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० साली ज्वारीतील ल्यूसीन या अमायनो आम्लाच्या आधिक्याकडे लक्ष वेधले. या कारणाविषयी पुढे मतभेद झाले आणि आज तो रोग क्वचितच आढळतो. ज्वारी हे धान्य वाईट नव्हे. तिच्या जोडीला डाळ, शेंगदाणे, दूध यांपैकी काहीच नसणे वाईट.

जस्ताने जखम भरून येण्यास साहाय्य होते आणि लोहाच्या उणिवेने त्वचा व पापण्यांची आतील बाजू फिकट दिसते. दोन्ही क्षार कडधान्यांत असतात. मोड आणल्याने ते शरीरास अधिक लागू पडतात. ‘क’ जीवनसत्त्वाने लोहाचे शोषण वाढते, म्हणून शालेय पोषण आहारातील उसळीवर, भांडे चुलीवरून उतरविल्यानंतर, लिंबू पिळावे. जेवणावर लगेच चहा पाजण्याची घरोघरची रीत मात्र लोहाचे शोषण घटविते. नाशिकची द्राक्षे परदेशी जातात, याचा अभिमान रास्तच आहे. तथापि ‘क’ जीवनसत्त्वाच्या हिशेबात परसातील पेरू त्यांच्या कितीतरी पुढे आहे, आणि आवळ्याची तर गोष्टच वेगळी.

इतके सांगितल्यावर एक सावधगिरीची सूचना आवश्यक ठरते. त्वचेवरील प्रत्येक खूण आहाराची नसते. रात्री अधिक खाजणारी व बोटांच्या बेचक्यांत फोड आणणारी खरूज संसर्गजन्य आहे. तिच्यासाठी घरातील सर्वांनी एकाच वेळी औषध लावावे लागते. मुलांच्या गालांवरील फिकट, किंचित खवलेदार डाग बहुधा निरुपद्रवी असतात व कालांतराने जातात. गावात मात्र ‘कॅल्शियम कमी आहे’ किंवा ‘जंत झाले’ असे म्हणून त्यांची बोळवण होते. हीच बोळवण कधी घातक ठरते. अंगावरील फिकट अथवा लालसर डागावर स्पर्श वा चटका कळत नसेल, तर तो कुष्ठरोग असू शकतो. महाराष्ट्रात त्याचे नवे रुग्ण आजही आढळतात. गोळ्या-टॉनिकांत वर्ष गेले तर तेवढ्या काळात बोटांच्या नसा दुबळ्या होतात; वेळीच उपचार झाला तर मूल पूर्ण बरे होते. सरकारी आरोग्य केंद्रांत हे औषध विनामूल्य मिळते व ते रोगाच्या प्रकारानुसार ६ किंवा १२ महिने घ्यावे लागते. रोगाचे नाव शिक्षकाने स्वतः ठरवू नये व वर्गात उच्चारू नये. पालकास एकांतात बोलावून आरोग्य केंद्राची वाट दाखवावी. उपचार सुरू झाल्यावर मुलाला वेगळ्या तरटावर बसविण्याचे किंवा शाळेतून दूर ठेवण्याचे काहीच कारण उरत नाही.

वर्गपाठासाठी मटकी पुरेशी आहे. सोमवारी सकाळी मुलांसमक्ष ती भिजत घालावी, सायंकाळी ओल्या फडक्यात बांधावी आणि बुधवारी फडके सोडावे. प्रत्येक मुलाने घरून मूठभर आणावी असा आग्रह धरू नये. ज्या घरात ती नसते, नेमके त्याच घरातील मूल त्या दिवशी गैरहजर राहते. मटकी शाळेच्या कोठारातूनच घ्यावी. मोड मोजणे हे तिसरी-चौथीला गणित होते, त्यांचे चित्र काढणे पहिली-दुसरीला जमते. त्याच आठवड्यात खरखरीत कोपरांच्या मुलांची नावे शिक्षकाने स्वतःच्या टिपणवहीत लिहून ठेवावीत आणि होळीनंतर, थंडी ओसरल्यावर, तीच कोपरे पुन्हा पाहावीत.