बायोलॉजिक कधी सुरू करावे?

प्रश्न : भावाला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. स्टेरॉइड कमी केले की पुन्हा रक्त पडते. डॉक्टर बायोलॉजिक सुचवतात. आणखी थांबावे का? – एक वाचक, उमरगा

उत्तर : मेसालामाइनने भागत असेल तर घाई नको. पण स्टेरॉइड तीन महिन्यांत रोजच्या 10 मिलिग्रॅमखाली आणता येत नसेल, किंवा बंद केल्यावर तीन महिन्यांत आजार उलटत असेल, तर उपचार बदलण्याची वेळ तीच. वर्षानुवर्षे घेतलेले स्टेरॉइड हाडे ठिसूळ करते, साखर वाढवते. म्हणून ‘गोळी स्वस्त पडते’ हा हिशेब फसवा आहे. खर्च झेपत नसेल तर ॲझाथायोप्रिनसारख्या पर्यायांबद्दल डॉक्टरांना विचारावे.

इन्फ्लिक्सिमॅब या बायोलॉजिकला अमेरिकेत या आजारासाठी 2005 मध्ये मान्यता मिळाली. भारतात ते देण्याआधी क्षयरोग तपासणे अत्यावश्यक : छातीचा एक्स-रे, मॅन्टू किंवा रक्तचाचणी, सोबत हिपॅटायटिस बी. सुप्त क्षय जागा होण्याची भीती खरी आहे.

दिवसाला सहा किंवा अधिक रक्ताचे जुलाब आणि त्यासोबत ताप किंवा 90 च्या वर नाडी असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा शिरेतल्या स्टेरॉइडने तीन ते पाच दिवसांत फरक पडला नाही, तर इन्फ्लिक्सिमॅब की शस्त्रक्रिया हे लगेच ठरवावे लागते. अशा वेळी घरी थांबू नये. सोलापूर किंवा लातूरच्या मोठ्या रुग्णालयात त्याच दिवशी दाखल करावे.